नोटरीने जेवण सोडलं

फेब्रुवारीतल्या पहिल्या बुधवारी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी नोटरीने एक डोळा समोरच्या रातकिड्यावर लावला, दुसरा लोथार क्नोडलरवर लावला, दोघांचाही थोडा विचार केला आणि दोन्ही डोळे मिटून घेतले. रातकिडा सुटला. लोथार मात्र पुढचे पाच आठवडे सुटला नाही.

नोटरी हा सरडा होता. कुंपणावर मान हलवत बसणारा साधा सरडा नव्हे. चांगला हातभर लांब, डोक्यावर उंच तुरा असलेला, रंग बदलणारा, मूळचा येमेनकडचा पण जर्मनीत, रॉयटलिंगेनजवळच्याच एका तळघरात अंड्यातून निघालेला. एक डोळा कागदावर आणि दुसरा अशिलावर ठेवायची त्याची रीत बघून लोथारच्या मुलीने, स्वेन्याने, त्याला हे नाव दिलं होतं. स्वेन्या ऑक्टोबरात सहा महिन्यांसाठी चिलीच्या दक्षिण टोकाला हिमनद्या मोजायला गेली आणि जाताना नोटरी, त्याचा जाळीचा उंच पिंजरा, दोन दिवे, पाण्याचा फवारा आणि अकरा पानांच्या सूचना आईबापांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात ठेवून गेली.

"बाबा, ह्या अकरा पानांत आहे तेवढंच कर," ती म्हणाली होती. "डोकं चालवू नकोस."

आता इथे माशाचा विषय काढावाच लागेल. क्नोडलरांच्या घरात माशाचा विषय कोणी काढत नाही. म्हणजे लोथार काढत नाही. त्याची बायको गुद्रुन आठवड्यातून एकदा काढते. स्वेन्या नऊ वर्षांची असताना शाळेच्या सहलीला पाच दिवस गेली आणि तिचा सोनेरी मासा बापाच्या हवाली करून गेली. मासा तिसऱ्या दिवशी गेला. पाणी योग्य, खाणं योग्य, सगळं वेळच्या वेळी, तरी गेला. लोथारने दुकानात जाऊन कॅलिपरने मोजून बरोबर तेवढ्याच लांबीचा दुसरा आणला. स्वेन्या सहलीवरून आली, काचेच्या भांड्यात डोकावली, "हं" म्हणाली आणि आपल्या खोलीत गेली. पुढे तिच्या अठराव्या वाढदिवशी, सगळे पाहुणे केक खात असताना, ती शांतपणे म्हणाली, "बाबा, माझ्या माशाच्या डाव्या परावर काळा ठिपका होता." त्यानंतर तिने बापाच्या ताब्यात जिवंत असं काही दिलं नव्हतं. कुंडीसुद्धा नाही. मासा जाऊन सोळा वर्षं झाली आणि आता पहिल्यांदा नोटरी आला होता. तेव्हा नोटरी जेवत नाही हा नुसता सरड्याच्या पोटाचा प्रश्न नव्हता, हे लोथारला पक्कं ठाऊक होतं.

लोथारने चौतीस वर्षं जमीन-मोजणी कार्यालयात काढली होती. मोजलेली गोष्ट सहसा हाताबाहेर जात नाही अशी त्याची श्रद्धा होती. नोटरी घरात आला त्याच दिवशी त्याने हिरव्या पुठ्ठ्याची एक वही घातली. तारीख, वजन (स्वयंपाकघरातल्या काट्यावर), तापमान (सकाळी आठ आणि संध्याकाळी सहा), खाल्लेले रातकिडे आणि रंग. रंगाला काय लिहायचं हा प्रश्न होता, कारण "हिरवट" हा शब्द मोजणीत चालत नाही. शेवटी त्याने रंगाच्या दुकानातून भिंतीच्या छटांचं पत्रक आणलं. त्यामुळे वहीत "एप्रिलचं कुरण", "लिंबाचा थंडावा" अशा नोंदी येऊ लागल्या. फेब्रुवारीतल्या त्या बुधवारी मात्र त्याला "जुना चामडी सोफा" लिहावं लागलं.

त्याने सूचना पुन्हा काढल्या. प्रत्येक पान त्याने प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलं होतं. दिवे, बरोबर. फवारा, बरोबर. कॅल्शियमची पूड, बरोबर. पान नऊवर स्वेन्याने दोनदा अधोरेखित करून लिहिलं होतं: थंड वाऱ्याचा झोत अजिबात नको! त्याबाबतीत तर क्नोडलर नवराबायकोला कोणी शिकवायची गरजच नव्हती. फटीतून येणारा वारा ही काय चीज आहे हे त्या घराला माहीत होतं. गुद्रुनची मावशी एका लग्नात दाराकडे पाठ करून बसली आणि पुढे आयुष्यभर तिची मान डावीकडे वळली नाही. म्हणून स्वेन्याच्या जुन्या खोलीत, जिथे खिडकीपाशी उजेडात नोटरीचा पिंजरा होता, तिथे लोथारने ऑक्टोबरातच दाराच्या कडेला रबरी पट्टी मारली होती, दारापाशी जमिनीवर लांबलचक लोडासारखी उशी टाकली होती आणि कुलपाच्या भोकात कापूस घातला होता. पान नऊच्या समोर त्याने पेन्सिलीने बरोबरची खूण करून सही केली होती.

दुसरी वही निळ्या पुठ्ठ्याची होती. तिचा नोटरीशी काही संबंध नव्हता. जानेवारीच्या शेवटी इमारतीच्या व्यवस्थापनाचं पत्र आलं की तिसऱ्या मजल्यावर दोन घरांच्या दारांमधल्या भिंतीला ओल आली आहे. डावीकडच्या घरात, म्हणजे क्नोडलरांकडे, एक उष्ण प्रदेशातलं जनावर असून त्याच्यावर कृत्रिम पाऊस पाडला जातो असं कळतं. तरी सर्व खिडक्या समोरासमोर सताड उघडून दिवसातून चार वेळा, दर वेळी दहा मिनिटं, घरातली हवा बदलावी आणि त्याची लेखी नोंद ठेवावी. लोथार आणि गुद्रुन एरवीही रोज सकाळी खिडक्या उघडत असतच. त्या गावात जो उघडत नाही त्याच्याबद्दल लोक दबक्या आवाजात बोलतात. पण "चार वेळा" आणि "लेखी नोंद" हे शब्द वाचून लोथारचा चेहरा उजळला. बाहेर उणे सात होतं. लोथार टोपी आणि मफलर घालून, हातात घड्याळ घेऊन सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, अकराला, तीनला आणि संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी दारापाशी पडलेला लोड बाजूला सारायचा, स्वेन्याच्या खोलीची आणि समोरच्या स्वयंपाकघराची खिडकी सताड उघडायचा, दहा मिनिटं मोजायचा, खिडक्या लावायचा, लोड पुन्हा फटीला नीट दाबून बसवायचा आणि वहीत लिहायचा. तापमानाची नोंद त्याने आधीच केलेली असे, आठला आणि सहाला, आणि ती नेहमी अगदी बरोबर असे.

पहिला सल्ला गुद्रुनचा होता.

"त्याला कंटाळा आलाय," ती म्हणाली. "रोज रातकिडे. तुला रोज मसूर वाढले तर तू काय करशील?"

"मी खाईन."

"तू खाशील. तो नोटरी आहे."

दुसरा सल्ला समोरच्या दारातल्या ओटिंगरबाईंचा. बाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, नवरा कार्ल गेल्यापासून एकट्या, आणि जिना झाडायची पाळी कोणाची आहे याची पाटी ज्या दारावर लटकते त्या दाराकडे त्यांचं कायम लक्ष. पाटी त्या आठवड्यात लोथारच्या दारावर होती आणि तो केरसुणी घेऊन जिन्यात उभा होता.

"जेवत नाही म्हणता? अहो, तुमच्याकडे बघून कोणाची वासना होईल? सकाळ-संध्याकाळ डोळे फाडून त्याच्या तोंडाकडे बघता. माझ्या कार्लच्या तोंडाकडे असं कोणी बघितलं असतं तर त्यानेही चमचा खाली ठेवला असता."

हे लोथारला लागलं, पण पटलंही. तो दोन दिवस पिंजऱ्याकडे पाठ करून बसला आणि गुद्रुनच्या हातआरशातून हळूच बघत राहिला. वहीत नोंद: "निरीक्षण अप्रत्यक्ष. खाल्ले: शून्य."

तिसरे आले मुंडिंगर. हे गावातल्या सरपटणारे-प्राणी-मित्र मंडळाचे चिटणीस. त्यांच्या दाढीला आणि कोटाला भुशाचा वास यायचा. त्यांनी बूट दारात काढले, नोटरीला तीन बाजूंनी न्याहाळलं, जीभ टाळ्याला लावून "च्च्" केलं.

"दिवा किती जुना?"

"पाच महिने."

"बदला. पाणी?"

"उकळून गार केलेलं."

"चूक! नळाचं द्या. आणि ही खिडकीची काच झाका, त्याला स्वतःचं प्रतिबिंब दिसतंय. त्याला वाटतंय दुसरा नोटरी बघतोय."

मग ते थांबले, नाकाने हवा ओढली. "पण हवा किती छान आहे तुमच्याकडे! मोकळी! अर्धा आजार तर त्यानेच जातो," असं म्हणून त्यांनी जाता जाता खिडकी एकदा सताड उघडून दिली. लोथारने निळ्या वहीत पाचवी नोंद केली आणि कंसात "जादा" असं लिहिलं. त्याला त्या दिवशी जरा बरं वाटलं.

चौथी डॉक्टरीण. नोटरीला तिच्याकडे न्यायचं म्हणजे बाहेरच्या थंडीतून न्यायचं, तेव्हा लोथारने त्याला कापडी पिशवीत, पिशवी कोटाच्या आत, आणि पिशवी व छाती यांच्यामध्ये गरम पाण्याची रबरी पिशवी असा बंदोबस्त केला. बसमध्ये एका आजींनी त्याला बसायला जागा दिली आणि "कितव्या महिन्यात?" असं विचारल्यासारखं बघितलं. दवाखान्यात जामच्या बरणीतून विष्ठेचा नमुनाही न्यायचा होता. ती बरणी टेबलावर ठेवल्यावर डॉक्टरीण झाकणावरचं "स्ट्रॉबेरी, गुद्रुन" हे वाचून क्षणभर थबकली. नमुना निर्दोष निघाला. तिने नोटरीचं तोंड उघडून पाहिलं, पोट दाबून पाहिलं.

"दुखणं काही सापडत नाही. वजन मात्र उतरतंय. एकशे बासष्टचा एकशे एकोणचाळीस झालाय. आणखी वीस ग्रॅम गेले तर मला काळजी वाटेल."

"घरी काही बदललंय का?" तिने विचारलं.

"काहीच नाही," लोथारने छातीवर हात ठेवून सांगितलं. आणि ते त्याला अगदी मनापासून खरं वाटत होतं. खिडकी उघडणं हा बदल असतो असं त्याला कोणी झोपेतून उठवून सांगितलं असतं तरी पटलं नसतं. डॉक्टरीण "ठीक" म्हणाली आणि बरणीमुळे तिने खिडकी उघडली.

रविवारी स्वेन्याचा फोन यायचा, चेहरा दिसणारा. तिच्या मागे पांढरं काहीतरी असायचं, तिच्या नाकाचा शेंडा लाल.

"नोटरी कसा आहे, बाबा?"

"मजेत."

"जेवतो?"

"त्याच्या त्याच्या पद्धतीने."

"दाखव ना."

लोथारने फोन दूर धरून एका पानाआडून नोटरीचा पाठीमागचा भाग दाखवला. स्वेन्या डोळे बारीक करून बघत राहिली. "काळपट दिसतो का जरा?"

"उजेड असा आहे इथे," लोथार म्हणाला. फोन बंद झाला तेव्हा गुद्रुन दारात उभी होती. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

त्याच आठवड्यात त्याच्या हातून एक गोष्ट झाली. ती सांगायला नको, पण झाली. मुंडिंगरांच्या तळघरात नोटरीच्याच वयाचा, त्याच जातीचा, तुराही तसाच असलेला एक सरडा होता. लोथार "सहज" गेला. मुंडिंगर चहा करायला वर गेल्यावर त्याने कोटाच्या खिशातून कॅलिपर काढलं. तुऱ्याची उंची मिलिमीटरपर्यंत जुळली. त्याने ती कागदावर लिहिली. घरी आल्यावर कोट टांगताना तो कागद पडला आणि गुद्रुनने उचलला.

"काय आहे हे?"

"तुरा."

"कोणाचा?"

लोथार टांगलेला कोट पुन्हा सारखा करू लागला.

"मासा," गुद्रुन म्हणाली. ती रागावली नव्हती, तिचे डोळे भरून आले होते. "लोथार, ती नऊ वर्षांची होती तेव्हाही तिला कळलं होतं. आता तर ती बर्फ मोजते."

लोथारने कागद घेतला, चार तुकडे केले, आणि ते कागदाच्या कचऱ्याच्या डब्यात नेऊन टाकले. परत येऊन तो नोटरीपुढे बसला. "हे बघ," तो हळूच म्हणाला, "तू गेलास तर मी तिला खरं सांगणार. पण जाऊ नकोस." नोटरीने एक डोळा उघडला आणि मिटला. लोथारला रडू येईल असं वाटलं, म्हणून त्याने उठून हवा बदलली.

जेवणात बदल हा गुद्रुनचा पहिला सल्ला आता शेवटचा उपाय म्हणून उरला होता. स्वेन्याच्या सूचनांत गप्प बसणाऱ्या जातीचे रातकिडे लिहिले होते, मुंडिंगर म्हणाले, "मोठे, गाणारे मागवा. आवाजाने भूक चाळवते." लोथारने दोनशे मागवले. पार्सल आलं तेव्हा क्नोडलर दवाखान्यात वजन करायला गेले होते. पार्सलवाला जे नेहमी करतो तेच त्याने केलं: समोरची घंटा वाजवली, खोकं ओटिंगरबाईंच्या हातात दिलं आणि क्नोडलरांच्या दाराला चिठ्ठी चिकटवून गेला. चिठ्ठी वाऱ्याने जिन्यात पडली आणि ती जिना झाडताना कोणीतरी झाडली. पाळी लोथारचीच होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी सव्वा वाजता ओटिंगरबाई दारात आल्या. एक ते तीन ही इमारतीच्या नियमांप्रमाणे शांततेची वेळ. त्या वेळेत दारावर आलेल्या ओटिंगरबाई लोथारने वीस वर्षांत पाहिल्या नव्हत्या.

"ऐका," त्या म्हणाल्या आणि आपलं दार उघडं धरलं.

आतून, बाईंच्या स्वयंपाकघरातून, सगळ्या जुलै महिन्याचा आवाज येत होता.

"खोक्यावर 'जिवंत प्राणी' असं लिहिलेलं," बाई घाईघाईने सांगू लागल्या. "बाहेर एवढी थंडी. म्हटलं, गारठतील बिचारे. म्हणून हीटरशेजारी ठेवले. मग आतून खरखर. म्हटलं, भुकेले असतील. डबे उघडून सफरचंदाची एक एक फोड टाकली. झाकणं लावली होती हो मी! माझी बोटं आता पूर्वीसारखी दाबत नाहीत, त्याला मी काय करू?"

"किती सुटले?"

"मोजायची सवय तुम्हाला."

लोथारने दोन दिवस पेले, अंड्यांचे पुठ्ठे आणि पावाचे तुकडे लावून चौदा पकडले. बाकीचे फ्रिजच्या मागे आणि ओट्याखाली बसून नियमांच्या वेळेत, विशेषतः नियमांच्या वेळेत, गात राहिले. ओटिंगरबाईंचा पारा चढला.

"मला व्यवस्थापनाला लिहावं लागेल, सांगून ठेवते. तुमच्यावर आधीच एक पत्र आहे. अहो, घरात एक सरडा पोसता ना? का तोही पेन्शनवर बसलाय? आणा इकडे!"

अशा रीतीने पाचव्या आठवड्यात नोटरी, "जुना चामडी सोफा" रंगात, बाईंच्या खिडकीजवळच्या रबराच्या झाडावर येऊन बसला. लोथारला काही आशा नव्हती. गुद्रुनने हात जोडून धरले होते. दहा मिनिटं काही झालं नाही. मग नोटरीचा खालचा पट्टा फिकट झाला. मग पाठ. लोथारने पत्रक काढलं. "ऑलिव्हची बाग." मग "एप्रिलचं कुरण." एक डोळा फ्रिजच्या कडेला गेला, दुसराही हळूहळू तिकडेच वळला, आणि थप्प असा आवाज झाला.

"गिळला!" ओटिंगरबाई टाळी वाजवून ओरडल्या. दुपारचे दोन वाजले होते.

त्या दिवशी नोटरीने सात खाल्ले. लोथारने बाईंचे दोन्ही हात धरले आणि लगेच सोडले, कारण आपण काय केलं ते त्याच्या लक्षात आलं. दुसऱ्या दिवशी घरी पिंजऱ्यात तेच रातकिडे दिले: शून्य. तिसऱ्या दिवशी पुन्हा बाईंकडे: नऊ. लोथारला वाटलं, रेडिओ. बाईंचा रेडिओ दिवसभर लोकगीतं लावून असायचा. त्याने तीच लोकगीतं घरी लावली; नोटरी जेवला नाही आणि गुद्रुन घर सोडून बहिणीकडे जायच्या गोष्टी करू लागली. मग त्याला वाटलं, भिंतीचा कागद. त्याने बाईंच्या भिंतीवरच्या फुलांची मापं घेतली.

मापं घेता घेता त्याला घाम आला. स्वयंपाकघरात कोबीचा, कॉफीचा आणि ओल्या लोकरीचा दाट वास होता. चौतीस वर्षं नोकरी आणि चव्वेचाळीस वर्षं संसार केलेल्या त्या माणसाचा हात आपसूक खिडकीच्या मुठीकडे गेला.

"हात लावू नका!" ओटिंगरबाई अशा किंचाळल्या की फ्रिजमागचे सगळे गप्प झाले.

लोथारने बघितलं. मुठीला क्रोशाची पिशवी अडकवलेली होती. खिडकीच्या चौकटीत चारी बाजूंनी लोकरीचा धागा ठासून भरला होता. खिडकीच्या कट्ट्यावर जिरेनियमच्या सहा कुंड्या ओळीने, आणि त्या कधी हलवल्याचं दिसत नव्हतं.

"बाई," तो हळू आवाजात म्हणाला, "ही खिडकी शेवटची कधी उघडली?"

ओटिंगरबाई खुर्चीवर बसल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मान खाली घातली. "एक नोव्हेंबरला. माझी मान, क्नोडलरसाहेब. एकदा वारा लागला की आठ दिवस वळत नाही. कोणी वळवून द्यायला आहे का घरात? म्हणून एकही उघडत नाही. कुठलीच. कुणाला सांगू नका हो. लोक काय म्हणतील?"

लोथारने मापांचा कागद खिशात घातला. तो जिन्यात आला, ओलीचा डाग बघितला. महिनाभर दिवसातून चार वेळा हवा बदलूनही तो वाढलाच होता, आणि वाढला होता उजवीकडे, बाईंच्या दाराच्या बाजूने. तो घरी गेला आणि त्याने हिरवी वही आणि निळी वही टेबलावर शेजारी शेजारी उघडली. निळ्या वहीतली पहिली नोंद सत्तावीस जानेवारीची. हिरव्या वहीत त्या दिवशी सहा. एकोणतीसला तीन. एकतीसला एक. फेब्रुवारीपासून शून्य, शून्य, मध्येच एक, शून्य. फक्त अठरा आणि एकोणीस फेब्रुवारीला पाच रातकिडे. त्या दोन दिवशी लोथार सर्दीने अंथरुणात होता, हिरवी वही गुद्रुनने भरली होती आणि निळ्या वहीत आडवी रेघ होती.

त्याने गुद्रुनला हाक मारली आणि बोट ठेवून दाखवलं. तिने चष्मा लावून दोन्ही वह्या वाचल्या.

"पण आपण वारा कुठे येऊ दिला?" ती म्हणाली. "आपण तर फक्त हवा बदलत होतो."

हे वाक्य बोलून होताच तिने चष्मा काढून वहीवर ठेवला. मग लोथार उठला, दारापाशी गेला, आणि तिथला लांब लोड पायाने बाजूला सरकवला. त्याला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. पाच आठवडे तो त्या मुक्या प्राण्याला दिवसातून चार वेळा उणे सातात उभा करत होता, आणि वर सही करत होता.

त्याच संध्याकाळी पिंजरा, दिवे आणि फवारा असं सगळं जिना ओलांडून ओटिंगरबाईंच्या स्वयंपाकघरात गेलं. खिडक्या बंद ठेवायच्या तर व्यवस्थापनाची आज्ञा मोडायची, आणि ते लोथारच्या हातून झालं नसतं, शिवाय नोटरीला परत न्यायची गोष्ट काढताच बाई म्हणाल्या, "आधी माझे रातकिडे संपवू दे त्याला." बदल्यात बाईंनी झोपायची खोली आणि दिवाणखाना रोज एकदा उघडायचं कबूल केलं, मानेला दोन मफलर गुंडाळून, आणि तेवढी दहा मिनिटं त्या क्नोडलरांकडे येऊन बसायच्या. डाग तीन आठवड्यांत आक्रसला. व्यवस्थापनाने क्नोडलरांना पत्र पाठवून त्यांच्या शिस्तीबद्दल आभार मानले. ते पत्र लोथारने फाइल केलं, पण कोणाला दाखवलं नाही.

पिंजरा हलवल्यानंतरच्या पहिल्या रविवारी फोन आला तेव्हा त्याने स्वेन्याला बोलूच दिलं नाही.

"नोटरी पाच आठवडे नीट जेवला नव्हता. मी तुझ्याशी खोटं बोललो. आता जेवतो, काल अकरा खाल्ले. चूक माझी होती. काय ते तू आल्यावर सांगेन, फोनवर सांगवत नाही."

पलीकडे बराच वेळ नुसता वारा ऐकू येत होता.

"बाबा," स्वेन्या म्हणाली, "तोच आहे ना तो?"

"तोच आहे. शपथ."

"बरं," ती म्हणाली, आणि तिचा आवाज कसा होता ते लोथारला नीट कळलं नाही.

ईस्टरच्या आदल्या दिवशी स्वेन्या आली. पाठीवरची पिशवी न उतरवताच ती ओटिंगरबाईंच्या घरात शिरली, मागोमाग आईबापही. बाईंनी वेणीचा गोड पाव भाजला होता, कॉफी उकळत होती, दोन्ही दिवे चालू होते. रबराच्या झाडावर नोटरी अंग फुगवून बसला होता, एकशे अडुसष्ट ग्रॅम, "लिंबाचा थंडावा". स्वेन्याने त्याच्यापुढे बोट धरलं. त्याने एक डोळा तिच्यावर लावला, एक बोटावर, आणि सावकाश एकेक पाय टाकत तिच्या हातावर चढला. तिने शेपटीजवळचा जुना पांढरा डाग शोधला. तो होता. तिचे डोळे भरून आले आणि ती लोथारकडे बघून हसली. लोथारने खिशातला रुमाल शोधायला सुरुवात केली.

"पण काय कोंदलंय इथे!" नोटरीला झाडावर परत ठेवत ती म्हणाली, दोन ढांगांत खिडकीशी पोचली आणि तिने क्रोशाची पिशवी बाजूला करून मूठ धरली.

"नको!" तिघं एकदम ओरडली. लोथारचा हात तिच्या हातावर पडला होता.

स्वेन्या दचकून उभी राहिली. तिने बापाच्या हाताकडे पाहिलं, मुठीकडे, चौकटीतल्या लोकरीकडे, नोटरीकडे. लोथारने दोन्ही वह्या आणून टेबलावर उघडल्या आणि तिच्यासमोर सरकवल्या. ती उभ्याउभ्याच वाचत गेली. "जादा" या नोंदीपाशी तिला हसू फुटलं. सर्दीच्या दोन दिवसांपाशी ती हसायची थांबली.

"माझ्या अकरा पानांत खिडकीबद्दल एक शब्द नाहीये," ती म्हणाली.

"नाही."

"मी स्वतः आत्ता..."

"हो."

ती खुर्चीत बसली. मग थोड्या वेळाने, वहीवरून नजर न काढता तिने विचारलं, "बाबा, मासा कुठे ठेवला होतास?"

लोथारने आठवून पाहिलं. सोळा वर्षांत त्याला हे कोणी विचारलं नव्हतं, त्यानेही स्वतःला विचारलं नव्हतं. "खिडकीत," तो म्हणाला. "फेब्रुवारी होता."

गुद्रुनने कॉफीचं भांडं खाली ठेवलं. स्वेन्याने हात पुढे करून बापाचा हात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला.

मग तिने त्याच्याकडून पेन्सिल मागून घेतली. पिंजऱ्याजवळ ठेवलेल्या प्लॅस्टिकच्या पाकिटातून पान नऊ काढलं, आणि थंड वाऱ्याचा झोत अजिबात नको, या ओळीखाली लिहिलं: "खिडकीही नको. सप्टेंबरमध्ये मी पुन्हा चिलीला जाणार आहे, तेव्हा नोटरी बाबांच्या ताब्यात; शंका आल्यास बाबांना विचारावं." आणि पान त्याच्यापुढे धरलं.

लोथारने ते दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं.

"तारीख घाल," तो म्हणाला.